तिसरी फुली

बाईंनी अडतीस वर्षं तिसरीच शिकवली. मुख्याध्यापक आले नि गेले, काळे फळे हिरवे झाले, हिरव्याचे पांढरे झाले, पण बाई तिसरीतून हलल्या नाहीत. बढती दोनदा चालून आली, दोन्ही वेळा त्यांनी तिला दारातूनच वाटेला लावलं. वहीत समास आखलेला नसला तर बाई वही तपासायच्याच नाहीत, म्हणून पोरांनी त्यांचं नाव समासबाई ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पण तसं दाखवलं असतं तर वर्ग डोक्यावर चढून बसला असता.

शाळा सुटली की बाकीचे घरी जात, बाई दुसऱ्या कामाला लागत. संध्याकाळी मोठ्या माणसांना अक्षरओळख, रविवारी दवाखान्यात लोकांचे अर्ज भरून देणं. नवरा पोस्टात होता. तो म्हणायचा, "तुला पत्र टाकायचं झालं तर पत्ता कुठला घालू, तेवढं सांगून ठेव." माणूस समजूतदार होता, म्हणून संसार निभला.

पन्नाशीत बाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं. गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं बरीच होती. पाच-सहा जणांना जोडीला घेऊन दर मंगळवारी त्यांच्याकडे जायचं, अर्धा तास बसायचं, विचारपूस करायची. लोक या मंडळींना मंगळवारवाले म्हणू लागले. नियम सगळे बाईंचे. प्रत्येकाचं एक कार्ड. माणूस पडला, शेगडी चालू राहिली, वार सांगता आला नाही, की कार्डावर फुली. तीन फुल्या झाल्या की घरच्यांना फोन आणि एकटं राहणं बंद.

हा नियम काही हौसेनं केलेला नव्हता. पहिल्याच वर्षी एका मुलीनं दया येऊन एका आजींचं कार्ड कोरं ठेवलं होतं. आजी दोन दिवसांनी स्वयंपाकघराच्या दारात पडलेल्या सापडल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. तेव्हापासून बाई कार्डाच्या बाबतीत कुणाचंच ऐकत नसत. एका शिंपीकाकांनी तिसऱ्या फुलीच्या वेळी त्यांचं मनगट धरलं होतं. "एवढी एक राहू द्या," म्हणाले होते. बाईंनी त्यांचं भलं कशात आहे ते त्यांना पाऊण तास समजावून सांगितलं आणि फुली मारली. काका लेकीकडे गेले. बाई त्या दिवशी घरी येऊन नीट जेवल्या होत्या.

आता बाई त्र्याऐंशीच्या झाल्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि गेल्या वर्षापासून मंगळवारवाल्यांच्या पेटीत बाईंचंही कार्ड आहे. त्यांच्याकडे येते ती बडबडी. तिसरीत मधल्या बाकावर बसून जिनं बाईंच्या नाकी नऊ आणले होते, ती आता बावन्न वर्षांची आहे, औषधाच्या दुकानात काम करते, आजी व्हायच्या बेतात आहे. बाई अजून तिला बडबडीच म्हणतात.

पहिली फुली रिकाम्या पातेल्याखाली शेगडी जळत राहिली त्याची. दुसरी न्हाणीघरात पाय घसरला त्याची. मुलानं फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, आता एक जरी झाली ना, तरी रविवारी गाडी घेऊन येतो." मुलगा वाईट असता तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. पण मुलगा चांगला होता, सून त्याहून चांगली होती. त्यांनी आठव्या मजल्यावर खोली तयार ठेवली होती, पडदेसुद्धा लावले होते. पण बाईंना याच घरात राहायचं होतं. या खुर्चीत, या खिडकीपाशी, शाळेची घंटा ऐकू येते तिथे.

वार मात्र हाताला लागेनासे झाले होते. कॅलेंडर होतं, पण आज त्यातला कुठला चौकोन, हे कॅलेंडर सांगत नाही. पेपर यायचा, पण कालचाच पुन्हा वाचला जायचा. शेवटी बाईंनी ते केलं, ज्यासाठी त्यांनी अडतीस वर्षं पोरांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. दूधवाल्याकडून वार विचारून घेतला आणि डाव्या तळव्यावर पेनानं लिहिला: मंगळवार. मग त्या हाताला पाणी लावायचं नाही, एवढं पथ्य पाळलं.

आणि बडबडी आली ती बुधवारी. दुकानात मालमोजणी होती, म्हणून आदल्या दिवशी तिनं फोन केला होता. बाईंनी "ये उद्या" असं म्हटलंही होतं. फोन ठेवल्यावर ते कुठे गळून पडलं कोण जाणे.

बडबडीनं चहा केला, सुनेच्या डोहाळ्यांचं सांगितलं. बाईंचा जीव टांगणीला. वार गप्पांच्या ओघात विचारायचा, परीक्षा वाटू द्यायची नाही, हेही बाईंनीच शिकवलेलं होतं. त्यामुळे प्रश्न कुठल्या वळणावर येणार ते त्यांना बरोबर कळत होतं.

"दिवस कसे जातात बघा. आज वार कोणता हो?"

बाईंनी पदर सावरल्यासारखं करून तळवा पाहिला. "मंगळवार. तू मंगळवारीच येतेस ना."

बडबडीची नजर बाईंच्या हातावर गेली. बाईंनी मूठ मिटली, पण उशीर झाला होता.

"बुधवार आहे का गं?" बाईंनी हळूच विचारलं.

"हो."

"नको लिहूस." आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागताना आवाज कसा ठेवायचा तेही बाईंना माहीत नव्हतं. "मी शेगडी बंद आहे का ते तीनदा बघते. खरंच बघते. नको लिहूस गं."

"नाही लिहीत बाई." बडबडीचे डोळे भरून आले होते. "मी काही पाहिलंच नाही."

बाईंना क्षणभर फार बरं वाटलं. मग स्वयंपाकघराचं दार दिसलं आणि तशाच दारात पडलेल्या त्या आजी आठवल्या. त्या मुलीनंही असंच म्हटलं असणार. उद्या आपण तिथे पडलो तर बडबडी जन्मभर स्वतःला खात बसेल. फुली मारली तर घर जाणार, नाही मारली तरी वार काही परत येणार नाहीत. तिसरा रस्ता शोधायला बाई बराच वेळ बसल्या. तो नव्हताच.

"दे ते कार्ड," त्या म्हणाल्या.

"बाई, राहू द्या ना."

"दे म्हणते ना."

त्यांनी मांडीवर पाटी घेऊन फुली मारली, दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या. शेजारी तारखेचा रकाना होता. तिथे पेन टेकलं आणि थांबलं.

"आज तारीख काय गं?"

बडबडीनं सांगितली. बाईंनी आकडा लिहिला, पुढे एक रेघ ओढली आणि पुन्हा वर पाहिलं.

"आणि महिना?"