चाकूरचा डॉक्टर आणि सोमालियाचे चाचे

"वाघमारे मॅडम, समुद्री चाचे कुणाच्या टेबलाला येतात?" आरडीसी साहेबांनी फॅक्स हातात धरून विचारलं. आरडीसी म्हणजे निवासी उपजिल्हाधिकारी. कलेक्टर ऑफिसात ज्या कामाला धनी नाही, त्याचा धनी.

मी म्हणाले, "साहेब, आपल्या जिल्ह्यात नळाला पाणी येत नाही. चाचे कुठून येतील?"

"आपत्तीच आहे ना ही? मग तुमचंच टेबल," म्हणाले आणि फॅक्स माझ्यासमोर ठेवून चहाला गेले.

मी तेव्हा लातूरला आपत्ती व्यवस्थापन कक्षात नायब तहसीलदार होते. किल्लारीच्या भूकंपात मी साधी क्लार्क. पत्रे वाटले, तंबू वाटले, रडणाऱ्या बायकांजवळ बसले. त्या अनुभवावर मला हा कक्ष मिळाला. भूकंप काही पुन्हा झाला नाही, पण ऑफिसात जे कुणालाच नको असायचं ते आपत्ती म्हणून माझ्याकडे यायचं. एकदा कलेक्टर बंगल्यातली माकडंसुद्धा आली होती.

फॅक्समध्ये होतं ते असं. आफ्रिकेजवळ एक मालवाहू जहाज चाच्यांनी पळवलंय. खलाशांत एक जण चाकूर तालुक्यातला. घरच्यांना कळवा, ओळख पटवा, धीर द्या. आणि कसलाही गाजावाजा होऊ देऊ नका.

गाजावाजा का नको, हे मला मुंबईच्या शिपिंगवाल्या साहेबांनी फोनवर समजावलं. पैशाची बोलणी जहाजाची कंपनी करते. सरकार चाच्यांना पैसे देत नाही. पण चाचे हुशार असतात. ते खलाशाला घरी फोन लावायला लावतात. घरचे रडतात, टीव्हीवाले येतात, मंत्री येतात, आणि तिकडे चाच्यांना वाटतं माल महाग आहे. मग सुटका लांबते. थोडक्यात, सरकारचं धोरण म्हणजे गप्प बसणं. त्याचं ट्रेनिंग आम्हाला वेगळं घ्यायची गरज नव्हती.

पण मला गावाची धास्ती वाटली. भूकंपाच्या वेळी बघ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता असा तुंबला होता की पाण्याचा टँकर पुढे सरकेना. आपल्याकडे कुणाच्या घरी काही झालं की सगळा गाव भेटायला जातो. त्यात चाचे म्हटल्यावर तर चार तालुके जमले असते.

जीप घेऊन गेले. खलाशाच्या वडिलांचं घर शोधायला लागलंच नाही. नागनाथअप्पांचं किराणा दुकान पुढं, घर मागं, आणि दारावर पितळी पाटी. 'डॉ. बसवराज नागनाथ' आणि पुढं आडनाव. मला वाटलं चुकीच्या घरी आले.

अप्पा काट्यावर साखर तोलत होते. मी हळूच विचारलं, "तुमचा मुलगा बसवराज जहाजावर आहे का?"

"न्हाई," अप्पा गिऱ्हाइकांकडं बघत म्हणाले. "आमचा बसू रशियात डॉक्टरकी शिकायलाय. दुसरं कुणी असंल."

"वडिलांचं नाव, गाव, सगळं जुळतंय अप्पा."

"नावं लई सारखी असतात मॅडम."

मी म्हटलं, चला, जरा जीपपर्यंत सोडायला या. जीपच्या आड गेल्यावर अप्पांचा चेहराच उतरला. हळूहळू सगळं निघालं. बसूला लातूरला कोचिंगला ठेवलं होतं. खोली, मेस, दोन वर्षं. त्या काळात आमच्याकडं ज्याचं पोरगं कोचिंगला गेलं त्याच्या बापाला लगेच डॉक्टरचा बाप म्हणायचे, निकालाची वाट कोण बघतो? अप्पांनी तर पहिल्याच वर्षी पाटी करून आणली. पोराला मार्क पडले नाहीत. दुसऱ्यांदाही पडले नाहीत. मग पोरानं आपल्या मनानं जहाजाचा कोर्स केला आणि गेलं. पण पाटी लागलेली होती. म्हणून अप्पांनी त्याला रशियाला पाठवलं, निदान तोंडानं.

"गावाला कळालं तर मी मेलो मॅडम."

मला रागच आला. "अप्पा, पोरगं तिकडं बंदुकीपुढं बसलंय."

अप्पा मटकन जीपच्या पायरीवर बसले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत कितीतरी वेळ नुसतं "हाव, हाव" करत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या आईला सगळं ठाऊक हाय. बाकी कुणाला सांगू नका. पाया पडतो."

"मी कशाला सांगते? सरकारचंच म्हणणं आहे, कुणाला कळू द्यायचं नाही."

अप्पांनी मान वर केली. सरकारच्या धोरणावर खूष झालेला असा नागरिक मी नोकरीत पहिल्यांदा बघितला.

तरी गाव गप्प राहील यावर माझा भरवसा नव्हता. थोड्याच दिवसांत एक टीव्हीवाला ऑफिसात आला, घामाघूम. कुठून तरी त्याला गावाचं नाव कळलं होतं. "मॅडम, काय लोक आहेत? खलाशाचं घर विचारलं तर म्हणाले, इथं तळ्यात पाणी न्हाई, खलाशी कुठला? शिरूर अनंतपाळकडं बघा. तिकडं गेलो तर तिथले म्हणाले, तुम्हाला कुणी पाठवलं?"

मी त्याला पाणी दिलं आणि समुद्र जिल्ह्याच्या हद्दीत येत नाही, एवढीच अधिकृत माहिती दिली. गेला बिचारा. अप्पांनी काय बेमालूम सांभाळलंय, असं मला वाटलं.

पुढच्या फेरीला मी दुकानात स्टुलावर बसले होते. सकाळची गिऱ्हाइकं होती. शेजारचे खाजाभाई टेलर चहापत्ती घ्यायला आलेले. दोन बायका तेलाला. काउंटरवरचा मोबाइल वाजला. लांबलचक नंबर बघून अप्पांच्या हातातलं माप तिथंच थांबलं. मी मानेनं खुणावलं, उचला.

पलीकडून बसूचा आवाज मलाही ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, पण रडणं कळत होतं. मागून कुणीतरी त्याच्यावर खेकसत होतं.

अप्पांनी एकदा गिऱ्हाइकांकडं बघितलं. आणि म्हणाले, "हां, बोल डॉक्टर. अभ्यास कसा चाललाय?"

पलीकडचं रडणं एकदम थांबलं.

"हॉस्टेलात जेवण मिळतं ना? मारकुटे सर हायत का कुणी? न्हाई ना? मग घाबरायचं न्हाई. सर म्हणतील तसं करायचं. उलटं बोलायचं न्हाई."

आवाज अगदी रोजचा. पण काउंटरखाली त्यांचे पाय मला दिसत होते. असे कापत होते की शेंगदाण्याचं पोतं हलत होतं.

तेलवाली बाई म्हणाली, "अप्पा, इचारा की, तिकडं थंडी लई हाय का?"

खाजाभाई पुढं सरकले. "आमचा सलाम सांगा डॉक्टरला. म्हणावं, फिकर करू नको. आम्ही सगळे हाय इथं."

आतून शिवकांताबाई आल्या, बसूच्या आई. त्यांनी फोन ओढूनच घेतला. "जेवलास का रे?" एवढंच म्हणाल्या. फोन कट झाला. त्या फोन कानाला तसाच धरून उभ्या राहिल्या. अप्पांनी साखर तोलायला घेतली आणि अर्धी जमिनीवर सांडली. तेलवाली खाली बसून साखर गोळा करायला लागली.

त्यानंतर फोन आलाच नाही. इतर खलाशांच्या घरी जात होते. या घरून काही निघत नाही असं चाच्यांनी ठरवलं असावं. मुंबईचे साहेब खूष. "तुमची फॅमिली फार मॅच्युअर आहे. काय ट्रेनिंग दिलं?"

"कोचिंग दिलं," मी म्हणाले.

पण अप्पा वाळत चालले. मी गेले की आधी एकच विचारायचे. "मी नीट बोललो न्हाई म्हणून फोन बंद झाला का? पोराला वाटलं असंल, बापाला पाटीचीच पडलीय." भूकंपात माणसांना काय बोलायचं ते मला सुचायचं. इथं सुचलं नाही. मी गूळ-शेंगदाणे विकत घ्यायची आणि परत यायची. माझ्या घरी त्या वर्षी लई चिक्की झाली.

कित्येक महिन्यांनी फॅक्स आला. जहाज सुटलं, सगळे सुखरूप.

बसूला लातूर स्टेशनवरून मीच जीपमध्ये आणलं. हडकलेला, दाढी वाढलेली. वाटेत मी त्याला त्या फोनचं विचारलं. म्हणाला, "अप्पा अभ्यासाचं बोलले तेव्हा आधी राग आला. मग मागं दुकानातला आवाज आला, काट्याचा, बायांचा. खाजाचाचांचा. वाटलं, चला, घर जागेवर हाय."

दुकानापुढं सगळा गाव जमलेला. अप्पा दारात उभे. हातात पितळी पाटी आणि स्क्रू ड्रायव्हर. त्यांनी पोराला मिठी मारली नाही, आधी गावाकडं तोंड केलं.

"ऐका. आमचा बसू डॉक्टर न्हाई. रशियात पण नव्हता. जहाजावर खलाशी हाय. चाच्यांनी धरला होता. मी तुमच्याशी खोटं बोललो."

खाजाभाई घसा खाकरून म्हणाले, "ठाऊक हाय अप्पा."

"काय ठाऊक हाय?"

"जाताना बसू बॉयलर सूट कमी करायला माझ्याकडंच आला होता. रशियातल्या डॉक्टरला तो कशाला लागतो?" बॉयलर सूट म्हणजे इंजिनजवळ काम करताना घालायचा अंगभर एकच निळा कपडा. "मी घरात बोललो. घरातून गावात गेलं."

"आणि चाच्यांचं?"

"ते टीव्हीला जहाजाचं नाव आलं तेव्हाच. तेच नाव बसू जाताना मला सांगून गेला होता. त्या टीव्हीवाल्याला शिरूरला आम्हीच धाडला."

अप्पा बघतच राहिले. "मग कुणी बोललं का न्हाई?"

तेलवाली म्हणाली, "तुम्ही रोज एवढं जीव लावून सांगायचा. मधी कसं बोलायचं?"

तेव्हा अप्पा रडले. मोठ्यांदा, लहान पोरासारखे, बसूच्या गळ्यात पडून. मीही रडले, खोटं कशाला सांगू. शिवकांताबाई तेवढ्या रडल्या नाहीत. त्यांनी दोघांना ढकलत आत नेलं, पोराला जेवायला वाढायचं होतं.

वर रिपोर्ट पाठवायचा होता, प्रसिद्धी कशी रोखली. मी लिहिलं, स्थानिक पातळीवर योग्य समन्वय ठेवला. समन्वय कुणी ठेवला ते लिहायला रकाना नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीतून मी एवढंच शिकले की लोकांना गुपित सांगितलं तर ते राहत नाही. न सांगितलं तर ते जिवापाड जपतात.

बसू पुढं पुन्हा जहाजावर गेला. मागे चाकूरला कामाला गेले होते तेव्हा दुकानात डोकावले. अप्पा एका गिऱ्हाइकाला अर्ध्या तासापासून लाटा, कप्तान आणि इंजिनरूम समजावून सांगत होते. खाजाभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या सरकारात बघा काही होतं का. रशियाच बरा होता."