चावडीची रीत

पौषातलं धुकं निघोज्याच्या शिवारावर सकाळी नऊ वाजले तरी बसून होतं. मालोजी सुतारानं पहाटेच अंगणात शेणकुटं रचून गाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापत घातली होती. धाव लाल झाली की चिमट्यांनी उचलायची, चाकावर बसवायची आणि लगोलग पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, आरे कडकडतात, चाक घट्ट होतं. हे काम मधेच टाकता येत नाही. त्यामुळे पोस्टमन आला तरी मालोजीनं आधी चाक पुरं केलं, हात पुसले आणि मग पाकीट घेतलं.

पत्र इंग्रजीत होतं. पोस्टमननंच ते वाचून अर्थ सांगितला. मालोजीचा मुलगा दौलत पुण्याच्या कॉलेजात इंटरला होता, बोर्डिंगात राहत होता. तिथे जेवणावरून पोरांनी दंगा केला, रेक्टरच्या खोलीच्या काचा फुटल्या. दौलतनं दगड मारल्याचा आरोप होता. सोमवारी अकरा वाजता चौकशी, पालकानं हजर राहावं. आरोप शाबीत झाला तर नाव कमी होईल आणि दोन वर्षं दुसरं कुठलं कॉलेजही घेणार नाही.

मंजुळाबाईनं चुलीपुढून एवढंच विचारलं, "त्यानं मारला आसंल का वो?"

"न्हाई," मालोजी म्हणाला. अख्ख्या सुतारआळीत मॅट्रिक झालेलं ते पहिलं पोर होतं.

सोमवारी मालोजी अंधारातच निघाला. इंद्रायणी ओलांडून चिखली-निगडीच्या माळावरनं चिंचवड स्टेशनात आला. धुतलेला पटका गाडीत बसल्यावरच डोक्याला बांधला. पंचांपुढे जायचं तर माणसानं नीट जावं, असं त्याचं म्हणणं होतं. गावात बांधाचं भांडण असो की गुरं शेतात शिरल्याचं, चावडीवरच्या बैठकीत तो वीस वर्षं पंच होता. बैठक कशी चालते हे आपल्याला कुणी शिकवायला नको, अशी त्याची खात्री होती.

कॉलेजच्या व्हरांड्यात दौलत उभा होता. चार दिवसांत पोरगं वाळलं होतं. तो म्हणाला, "आप्पा, मी बोर्डिंगच्या दारात हुतो. दगड मारणारा पळाला. म्या न्हाई मारला."

"मला ठावं हाय."

दाराशी चांदभाई नावाचा शिपाई होता, मूळचा चाकणचा. गाववाला म्हणून त्यानं मालोजीला बाजूला घेऊन सांगितलं, की आत तिघं जण आहेत, मधले प्रिन्सिपॉल. कारकून सगळं लिहून घेतो. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. रेक्टरसाहेबांनी दगड मारणाऱ्याची नुसती पाठ पाहिलीय, तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मालोजीनं मान हलवली.

आत लांब टेबल होतं. आरोप वाचून झाला. रेक्टरनी आपलं सांगितलं, पांढरा सदरा दिसला म्हणाले. मग प्रिन्सिपॉल मालोजीकडे वळले. आवाज मऊ होता. पालक म्हणून तुम्हाला काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं.

मालोजी उठला. पटका उतरवून त्यानं टेबलाच्या कडेशी ठेवला, हात जोडले.

"पोराचं चुकलं मायबाप. पदरात घ्या."

निघोज्याच्या चावडीवर प्रत्येक बैठक अशीच सुरू व्हायची. ज्याच्यावर बोट असेल त्याच्या घरच्या कर्त्यानं आधी हेच म्हणायचं. गुन्हा केलेला असो, नसो. म्हणजे आम्ही तुमचा मान राखतो, तुमच्यापुढे ताठ उभे नाही. मग पंच म्हणायचे, बरं, आता काय झालं ते सांगा. तिथून पुढे खरं-खोटं निघायचं. जो हे म्हणत नसे त्याचं कुणी ऐकूनच घेत नसे.

कारकुनाचा टाक कागदावर चालला. दौलत खुर्चीवरून अर्धा उठला. प्रिन्सिपॉलनी त्याला हातानं बसवलं. कारकुनानं लिहिलेलं भराभर वाचून दाखवलं आणि कागद पुढे केला. पंचांनी दिलेला कागद मागे सारणं म्हणजे अपमान. मालोजीनं वळणदार मोडीत सही केली, टाक खाली ठेवला आणि म्हणाला,

"झाली सही. आता पोराचं ऐका."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आता काय ऐकायचं?" प्रिन्सिपॉल म्हणाले. "तुम्ही स्वतः कबूल केलंत."

"ती कबुली न्हाई साहेब. तसं म्हणायची रीत हाय."

"मग सही का केलीत?"

चावडी, कर्ता माणूस, मान, असं काहीबाही मालोजी सांगत राहिला. दौलत म्हणाला की मी दारात होतो. डावीकडचे प्रोफेसर म्हणाले, वडील एक सांगतात, मुलगा दुसरं. दोघांना बाहेर पाठवलं. दहा मिनिटांनी आत बोलावून निकाल वाचला. नाव कमी, दोन वर्षं बंदी.

जिन्यावर चांदभाई हळू म्हणाला, "तुम्ही गप बसला असता तरी सुटला असता हो पोरगा."

दौलतनं ते ऐकलं. गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. निगडीच्या माळावर मात्र थांबला आणि म्हणाला, "आप्पा, तुमाला ठावं हुतं ना म्या न्हाई मारला?"

"व्हय."

"मग?"

मालोजी चालत राहिला.

चौकशी पुन्हा व्हावी म्हणून अर्ज लिहून घेतला, पाठवला. उत्तर आलं नाही. फाल्गुनात दौलत देहूरोडच्या लष्करी डेपोत हमालीला लागला. तिकडेच चौघांत खोली घेऊन राहिला. महिन्यातून एकदा यायचा, आईशी बोलायचा.

एका सकाळी बबनराव पाटील दारात आले. दोन भावांत विहिरीच्या पाळीवरून जुंपली होती.

"चला मालोजी. तुमच्याबिगर बैठक बसत न्हाई."

"बसवा की."

"आन् पंच?"

"दुसरा बघा."

बबनराव हसले. "सुताराचा भाव वाढला म्हनायचा."

पाटील वाट बघून निघून गेले. गोठ्यात म्हैस ओरडत होती, सकाळपासून तिला पाणी दाखवायचं राहिलं होतं. त्यानं खुंटीची बादली काढली आणि आडाकडे गेला.