दिवाकरचा साडेचारशेचा डब्बा

चार रिकामटेकडे मित्र आणि एक उघडा कॉम्प्युटर एका खोलीत आले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आमच्या गडचांदूरच्या सिमेंटच्या धुळीसारखे ते आपोआप साचतात. झाडा किती झाडायचे ते!

नव्वदचं दशक नुकतंच संपलं होतं. माझा वर्गमित्र दिवाकर, याने नागपूरहून एकेक पार्ट आणून घरीच कॉम्प्युटर जोडला. त्याला लग्नपत्रिका छापायचं दुकान टाकायचं होतं. जागा म्हणजे घराची पुढची खोली. पण तिथे दरवर्षी कापूस भरत. त्याच्या वडिलांनी, आमच्या काकाजींनी, निकाल देऊन टाकला होता: "कापूस घरी येऊ दे. तवरीक तुहा डब्बा धड सुरू होऊन राह्यला, त खोली तुही. नाई त कापसाची!"

आणि डब्बा धड सुरू न होण्याचं कारण स्वतः दिवाकरच! तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर त्याने मदरबोर्डवरचा जम्पर नावाचा इवलासा खटका हलवून साडेचारशेवर पळवायला घेतला होता. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. लोक काळ्या स्क्रीनकडे बघून "बरं बरं" म्हणायचे.

"अबे, तीनशेवर आण ना!" मी म्हणायचो.

"मंग कंपनीत आन माह्यात फरक काय राह्यला?"

*

फारच अडलं, की दिवाकर मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल काढून थोडा वेळ थांबायचा. एकदा काकाजींनी पाहिलं.

"हे काय करून राह्यला बे?"

"याची आठवण काढून घेतो, बाबा. चुकीच्या सेटिंग विसरला का शहाण्यासारखा सुरू होते."

काकाजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुह्या डोक्यात बी असा सेल कुठी असन, त पाह्य!"

*

मे महिन्यात तर प्रोसेसर तापून बटण दाबायचीही सोय उरली नाही. दिवाकरने घरातला एकुलता एक कूलर उघड्या कॅबिनेटसमोर लावला. डब्बा पहिल्या झटक्यात सुरू! नेमके त्याच दिवशी जिवतीहून काकाजींचे जावई आले. त्यांच्या हातात काकूंनी, म्हणजे दिवाकरच्या आईने, विणलेला पंखा दिला. जावईबापू बिचारे तासभर वारा घेत कूलरकडे बघत राहिले.

"मामाजी," शेवटी ते सासऱ्यांना म्हणाले, "या घरी जावई कोन हाय, मी का हा डब्बा?"

कूलर जावयाकडे फिरला. डब्बा बंद पडला!

*

खंडेनवमीला विळा-कुऱ्हाडीसोबत कॉम्प्युटरचीही पूजा झाली. काकूंनी अगदी मनापासून अक्षता वाहिल्या. दुसऱ्या दिवसापासून डब्बा सुरू व्हायचा आणि लगेच मान टाकायचा. आम्ही रॅम काढून पुसली, केबल बदलल्या, नागपूरच्या दुकानदाराला फोन करून बेजार केलं. शेवटी प्रोसेसरच्या पंख्यात अडकलेला तांदळाचा दाणा सापडला.

काकूंचा चेहराच उतरला. "राहू दे बाप्पा, पुढच्या साली नुसतं हळद-कुंकू वाहीन."

"आई!" दिवाकर ओरडला, "तू फक्त लांबून हात जोडजो!"

*

दिवाळी झाली, वेचणी सुरू झाली. दिवाकर जेवणही डब्ब्यासमोरच उरकू लागला. पंखा साफ होता, ऊन उतरलं होतं, तरी डब्बा सकाळी सुरू व्हायचा, पण दिवसा बटण दाबलं की रुसायचा. आम्ही दोष खाणीतल्या ब्लास्टिंगला दिला. गडचांदूरात दूध नासलं तरी दोष ब्लास्टिंगचाच!

कापसाची पहिली बैलबंडी दारात आली, त्याच वेळी माझं लक्ष खोलीतल्या बल्बकडे गेलं. शेजारची शंकरभाऊंची आटाचक्की सुरू झाली आणि बल्ब मंदावला. व्होल्टेज कमी पडत होतं! दिवाकर धावतच सुटला.

"शंकरभाऊ, दोन मिनिटं चक्की थांबवा! जिंदगीचा सवाल हाय!"

चक्की थांबली. दळणाला आलेल्या बाया "काऊन बंद केली जी?" म्हणत डबे घेऊन आमच्या दारात जमल्या. काकाजी बैल हाकायची तुतारी हातात धरून उंबऱ्यावर उभे. दिवाकरने बटण दाबलं. पंखा फिरला, एक बीप वाजली आणि स्क्रीनवर साडेचारशेचा आकडा उमटला. मग त्याने नमुन्याची पत्रिका उघडली. गणपती, मोरपिसं, सगळं रंगीत!

"आमच्या पोरीची पत्रिका इथीच बनवजो, बाबू," एक बाई म्हणाल्या.

तेवढ्यात पलीकडून शंकरभाऊंची हाक आली, "करू का सुरू?"

दिवाकरने डोळे मिटले. चक्की घरघरली. बल्ब मंदावला, स्क्रीन थरथरला आणि टिकला! डब्बा अडायचा तो फक्त सुरू होताना; एकदा सुरू झाला की कमी व्होल्टेजवरही तग धरत होता.

काकाजींनी स्क्रीनकडे पाहिलं, मग बंडीकडे पाहिलं.

"बंडी मांगच्या दारी घे," ते गड्याला म्हणाले. "कापूस माह्या झोपाच्या खोलीत टाक."

"आन तुमी कुठी निजसान?" काकूंनी विचारलं.

"कापसावर!"