माझ्या गाऱ्हाण्याला ‘होय’ कोण म्हणणार

त्या वर्षी माझं देवाशी बोलणं बंद झालं होतं. तसं माझं सगळ्यांशीच बोलणं बंद होतं, डॉक्टरांनी बंद केलं होतं. पण देवाशी मी मनातल्या मनातही बोलत नव्हते. रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे दिवा लावायची, हात जोडायची आणि तोंड फिरवून कामाला लागायची. मी गाणारी बाई. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, रूप नव्हतं, मोठं शिक्षण नव्हतं. जो एक गळा दिला होता तोच त्यानं काढून घेतला, मग कसल्या गप्पा मारायच्या त्याच्याशी, असं मला वाटायचं. मी मुळातच तापट. नवरा म्हणायचा की हिचा राग नाकावर असतो आणि नाक सतत पुढे असतं.

साठच्या दशकाची ती शेवटची वर्षं असतील. घाटकोपरला ज्या चाळीत मी वाढले, तिथं अर्धी बिऱ्हाडं आमच्यासारखी मालवणाकडून आलेली आणि अर्धी गुजराती. घरात मालवणी, शाळेत मराठी आणि जिन्यावर गुजराती, अशी माझी जीभ घडली. नवरात्रात गरबा गायला बसले की नवखे लोक मला विचारायचे, तुम्ही राजकोटच्या की भावनगरच्या? मी गप्प हसायची. त्याच आठवड्यात रेडिओवर मराठी भावगीत असायचं, अंधेरीच्या स्टुडिओत सिनेमाच्या कोरसमध्ये उभं राहायचं असायचं, कुठल्या तरी तमाशापटात लावणीच्या मागची झील धरायची असायची, नाहीतर दंतमंजनाच्या जाहिरातीत तीन ओळी खिदळत म्हणायच्या असायच्या. मराठी आणि गुजराती, दोन्हींत मला कधी अडलं नाही. “सांगाल ते गाते,” हे मी फार अभिमानानं म्हणायची. माझ्या गुरुजींना ते आवडत नसे. एकदा ते म्हणाले, “तुझा गळा म्हणजे धर्मशाळा झालाय. कुणीही यावं आणि पथारी पसरावी.” मला ते फार लागलं. पण दुसऱ्या दिवशी काम आलं, आणि मी पुन्हा हो म्हणून मोकळी.

मनात मात्र एकच हाव होती. कधीतरी मराठी सिनेमात एक गाणं माझं एकटीचं असावं. मागे उभं राहून दहा वर्षं झाली होती. त्या वर्षी नवरात्राच्या नऊ रात्री मुलुंड आणि घाटकोपर करून मी रोज सकाळी रेकॉर्डिंगला जात होते, कारण एका संगीतकारानं आडून सुचवलं होतं की चैत्रात एक गाणं आहे, तुमच्या आवाजात करून बघू. त्या आशेवर मी एकही काम सोडलं नाही. दसऱ्याला उठले तर गळ्यातून नुसती हवा येत होती. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरतंतूवर बाजरीच्या दाण्याएवढी गाठ आली आहे. दोन महिने संपूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. मग बघू.

मी पाटी आणि पेन्सिल घेऊन घरात वावरू लागले. नवरा पहिल्या आठवड्यात म्हणाला, “देवाची कृपाच म्हणायची, घर कसं शांत झालं.” मी पाटीवर एवढं मोठं ‘गप्प बसा’ लिहून त्याच्यासमोर धरलं. तो हसला, मीही हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडण्याचासुद्धा आवाज काढायचा नव्हता.

लग्नानंतर मी अंधेरीला आले होते, त्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर हंसाबेन राहायची. तिची सासू अर्धांगवायूनं पलंगाला खिळली होती. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. गुजरातीत आईला बा म्हणतात. तिला तर सगळी इमारतच बा म्हणायची. हंसाबेनला औद्योगिक वसाहतीत औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावायचं दुपारचं काम मिळालं होतं, पण बाजवळ बसायला कोणी नव्हतं. एक दिवस ती वर आली आणि आपल्या मराठीत म्हणाली, “ताई, वाईट नका वाटून घेऊ. तुमी पण बोलत नाय, बा पण बोलत नाय. दोघी बसा ना सोबत. कोणाला त्रास नाय.” मला आधी राग आला. पण घरात तंबोऱ्याकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी पाटीवर ‘बरं’ लिहिलं.

अशा आम्ही दोन मुक्या बायका रोज दुपारी समोरासमोर बसू लागलो. मी गवार मोडायची, तांदूळ निवडायची. बा डाव्या हातानं माळ ओढायची आणि माझ्या हातांकडे बघत राहायची. मला एखादा खडा दिसला नाही की ती भुवई उंचावायची. पाणी हवं असेल तर डोळे माठाकडे न्यायची. डोक्यावरून विमान गेलं की दोघी एकदमच वर बघायचो. जन्मभर माझ्या कानात गाणी होती, पुढचं काम होतं, कोण काय म्हणालं ते होतं. त्या खोलीत काहीच नव्हतं. पहिले पंधरा दिवस मला ती शांतता खायला उठायची. नंतर नंतर दुपारचा एक कधी वाजतो याची मी वाट बघू लागले.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. गाठ विरली होती. “बोला,” ते म्हणाले. मी बोलले. आवाज घोगरा होता पण होता. घरी येऊन तंबोरा लावला, डोळे मिटले, सा लावायला गेले आणि गळा आवळला गेला. कुणी आतून मूठ वळावी तसा. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. बोलता येत होतं, भाजीवाल्याशी भांडता येत होतं, पण गायला तोंड उघडलं की मूठ. डॉक्टर म्हणाले, “गळ्यात आता काही नाही. तुम्ही घाबरला आहात. धीर धरा.” धीर कुठून आणायचा? चैत्रातल्या त्या गाण्याच्या तालमीचा निरोप आला होता, आठ दिवसांवर. आठ दिवसांत सा लागला नाही तर गाणं जाणार होतं, आणि ते एक गाणं गेलं तरी चालेल, पण गाणंच गेलं तर मी कोण, हे मला कळत नव्हतं.

आठापैकी पाच दिवस असेच गेले. सहाव्या दुपारी मी बाजवळ बसले होते. पौषातलं उबदार ऊन तिच्या पायांवर आलं होतं. बाचा डोळा लागला होता, निदान मला तसं वाटलं. भिंतीवर श्रीनाथजींची तसबीर होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला एकदम माझे वडील आठवले.

आमच्याकडे कुठल्याही कामाला हात घालण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायची रीत आहे. घरातला कर्ता पुरुष उभा राहतो, देवाला ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून हाक मारतो आणि एकेक मागणं सांगतो. बा म्हणजे बाप. प्रत्येक मागण्यानंतर भोवतालची माणसं एकसुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ ते ‘व्हय’ नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. एकट्याचं मागणं सगळ्यांचं व्हावं, असा त्यामागचा भाव असावा. वडील चाळीत गाऱ्हाणं घालायचे तेव्हा आम्ही पोरी मोठमोठ्यानं ‘व्हय’ ओरडायचो. घालायचा मान मात्र बाईला नाही. मी कधी घातलं नव्हतं, घालावंसं वाटलंही नव्हतं.

त्या दुपारी मी घातलं. उठून उभी राहिले, पदर सारखा केला आणि तसबिरीपुढे हलक्या आवाजात म्हणाले, “बा देवा म्हाराजा, तुजा लेकरू तुज्या पायाकडे इला हा.” आणि थांबले. थांबायचंच असतं, ‘व्हय’साठी. खोलीत कोण होतं ‘व्हय’ म्हणायला? मला स्वतःचीच इतकी कीव आली की डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून आवाज आला. जड, अडखळत, जिभेवर दगड असावा तसा. “हा, दीकरा.”

हो, बाळ. मी वळले. बा टक्क जागी होती आणि माझ्याकडे बघत होती. सात-आठ महिन्यांत त्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. मी बापाला हाक मारली होती. तिनं ऐकली ती आईला मारलेली हाक. दोन भाषांत जन्म काढूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. धावत जाऊन कुणाला बोलवावं असं क्षणभर वाटलं, पण तिचे डोळे पुढचं मागणं ऐकायला थांबले होते. गाऱ्हाणं मध्येच सोडायचं नसतं.

मी म्हणाले, “बा, काय चुकला माकला आसात तर पोटात घाल.” ती म्हणाली, “हा.” मी म्हणाले, “बा, माजो गळो बंद पडलो हा, तो मोकळो कर.” ती म्हणाली, “हा, दीकरा, हा.” मग माझ्याकडे मागण्यासारखं काही उरलं नाही, तरी मी ‘बा’ म्हणतच राहिले आणि ती ‘हा’ म्हणत राहिली. प्रत्येक वेळी माझा ‘बा’ थोडा लांबत होता, थोडा वर चढत होता. कधी तो सा झाला ते मला कळलं नाही. मूठ सुटली होती. बारीक, कापरा, पण सूर होता. मी पलंगाशी बसून रडत रडत गात होते. ती तिच्या चालत्या हातानं माझं डोकं थोपटत होती.

पाच वाजता हंसाबेन आली. बानं तिच्याकडे पाहून “हा” म्हटलं तेव्हा तिच्या हातातली पिशवी खाली पडली. आम्ही दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडलो. डॉक्टरांना विचाराल तर ते सांगतील की बाची वाचा यायची वेळ झाली होती आणि माझी भीती जायची वेळ झाली होती. असेल तसं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

आता तुम्हाला वाटेल की चैत्रातलं गाणं मला मिळालं. नाही मिळालं. तालमीला गेले, पण आवाज अजून काकडीच्या वेलासारखा होता, आधार लागत होता. संगीतकार भला माणूस. म्हणाला, “बाई, घाई नको. हे दुसरीला देऊ या, तुम्ही कोरसमध्ये उभ्या राहा.” चैत्रात रेकॉर्डिंगला मी उभी राहिले, गायले, आणि घरी येताना पुन्हा माझं नाक पुढे. अर्धंच का दिलं? द्यायचं तर पुरतं द्यावं ना.

तोवर बाचे शब्द जुळू लागले होते. मी तिच्यापाशी बसून सगळं ओकले, गाणं कसं गेलं, कुणाला गेलं. आणि बोलण्याच्या भरात मनात बरेच दिवस टोचत असलेलंही सांगून टाकलं. गुजरातीत म्हटलं, “बा, तुम्हाला फसवलं मी. त्या दिवशी मी तुम्हाला हाक मारली नव्हती. आमच्यात बा म्हणजे बाप. मी देवाला बोलावत होते.”

मला वाटलं, तिला वाईट वाटेल. तिनं थोडा विचार केला, तोंड एका बाजूला ओढत हसली आणि सावकाश म्हणाली, “एने काम हशे. हुं तो नवरी ज बेठी’ती ने.”

त्याला काम असेल. मी तर नवरीच बसले होते. गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, हाताला काम नसलेली. मला ते चांगलं ठाऊक होतं, तरी त्या घटकेला कानात मराठीच शब्द पडला. माळ हातात घेऊन ऊन खात पलंगावर पडलेली, अर्धं अंग गेलेली ती म्हातारी मला खरोखर नवरी दिसली, नटून थटून कुणाच्या तरी हाकेची वाट बघत बसलेली. आणि माझ्या लक्षात आलं की मी आयुष्यात रिकामी कधी बसलेच नव्हते. दहा वर्षं देवाला येऊ द्यायला माझ्याकडे जागाच नव्हती. गळ्यात सतत कुणाचं तरी काम उतरलेलं. दोन महिने त्यानं मला जबरदस्तीनं रिकामं केलं, आणि मी त्याच्यावर रुसून बसले होते.

पुढे मी सत्तरचं सगळं दशक गायले. भजनं गायले, गरबे गायले, लावणीची झील धरली, जाहिरातीत खिदळले. एकटीची गाणीही वाट्याला आली, दोन-चार, फार गाजली नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही, खरंच वाटत नाही. बा पुढे तीन वर्षं जगली आणि शेवटपर्यंत माझ्या हाकेला ओ देत राहिली. मी एवढंच शिकले की कार्यक्रमाआधी दहा मिनिटं वही मिटायची, तंबोरा बाजूला ठेवायचा, आणि काहीही न मागता बसायचं. अजून बसते. कुणी घाईघाईनं आत डोकावून विचारलं, “ताई, काय करताय?” तर मी सांगते, “नवरी बसल्येय.” माझ्या तोंडून या वयात हे ऐकून मराठी मंडळी पोट धरून हसतात. गुजराती मंडळी हळूच दार ओढून घेतात.