देवापुढचा दिवा आणि पिशोरचं पाणी

सासरी जुनी गाडी आली तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी डॅशबोर्डवर देवाची काचेची चौकट बसवून घेतली. आत एक छोटा पिवळा बल्ब होता. रोज सकाळी ते गाडीला उदबत्ती ओवाळायचे आणि संध्याकाळी धूळ बसू नये म्हणून तिच्यावर जाड कव्हर घालायचे. माणसांची एवढी काळजी आमच्या घरात कुणी घेतलेली मला आठवत नाही.

ती दुष्काळाची वर्षं. आमच्याकडे शहरात, उस्मानपुऱ्यात, नळ कधीमधी यायचा, पण यायचा तरी. शहराभोवती माळरानावर नव्या कॉलन्या उठत होत्या आणि गावांकडचे टँकर आधी तिकडे वळत होते. पिशोरला माझी आई एकटी राहायची. गुडघे गेलेले. टँकरभोवतीच्या रेटारेटीत तिचा हंडा कोण पुढे जाऊ देणार? म्हणून रविवारी मी पाण्याचे कॅन गाडीत टाकायचे आणि दौलताबादच्या घाटातून, कन्नडवरून तिच्याकडे जायचे. "कशाला येती गं एवढ्या लांब? सासरचे काय म्हणतील?" असं म्हणत ती आधी माझ्यासाठी चहा टाकायची, माझ्याच पाण्यातला.

सासरचे म्हणतच होते. गाडीची बॅटरी सारखी उतरायला लागली. सेल्फ मारला की नुसती टकटक, मग अख्खी गल्ली धक्का मारायला. सासऱ्यांनी निदान करून टाकलं. "पिशोरच्या चकरांनी लई ताण येतो बॅटरीवर. सूनबाईला म्हणावं, माहेरचं पाणी बंद करा." नवऱ्याने माझ्याकडे न बघता मान हलवली. किल्ली सासऱ्यांच्या खिशात गेली.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होते, पोरांना व्होल्ट आणि अँपिअर शिकवत होते. गाडी सोमवारी झटक्यात सुरू व्हायची आणि शुक्रवारी मान टाकायची, हे माझ्या कधीच लक्षात आलं होतं. लांब पल्ल्याने बॅटरी भरते, उतरत नाही. मी हे दोनदा सांगितलं, पण ऐकायला कोण बसलंय? शेवटी एका दुपारी सासरे किल्ली खुंटीवरच्या सदऱ्यात विसरून बाहेर गेले असताना प्रयोगशाळेतला मीटर आणून मी बॉनेट उघडलं. नवऱ्याला गाडी धक्क्यावर सुरू करायला लावली. चार्जिंग चोख होतं. मग गाडी बंद करून, किल्ली काढून, बॅटरीची एक वायर सोडवून मधे मीटर लावला. गाडी झोपलेली, तरी करंट वाहत होता. एकेक फ्यूज काढून पाहिला, काटा जागचा हलला नाही. फ्यूजला वळसा घालून बॅटरीवरून थेट एक बारीक लाल वायर आत गेली होती, देवाच्या चौकटीत. किल्ली काढली तरी देवापुढचा दिवा विझू नये म्हणून सासऱ्यांनी ती गुपचूप जोडून घेतली होती. दिवसा उजेडात तो बल्ब पेटलेला दिसायचा नाही, रात्री कव्हरखाली असायचा.

मला इतका आनंद झाला, की मी मूर्खासारखी सासरे परतायची वाट बघत बसले.

"दिवा किल्लीवर घेऊ," लाल वायर दाखवत मी म्हटलं. "गाडी चालू असली की लागेल."

"म्हंजे रातभर देव अंधारात?" सासरे म्हणाले. "त्ये नाय व्हायचं. पाणी वाहायला गाडी घेतली नव्हती आपण."

"जाऊ दे ना," नवरा मला म्हणाला. "नवी बॅटरी टाकू."

नवी बॅटरी टाकली. दिवा तसाच राहिला, किल्लीही खिशातच राहिली. घरात खोट कुठं आहे हे सगळ्यांना कळलं होतं, तरी पिशोर बंद ते बंदच.

उन्हाळ्यात एका सकाळी गावाकडून फोन आला. आई टँकरपाशी पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती. सासऱ्यांनी लगेच किल्ली काढून दिली, एवढं मान्य करायला हवं. नवऱ्याने कव्हर ओढलं, सेल्फ मारला. टकटक. गल्लीने धक्का मारून पाहिला, तरी इंजिन पकडेना. नवी बॅटरीही त्या दिव्याने पिऊन टाकली होती. बल्ब अजून मिणमिणत होता. मी खिडकीतून हात घातला आणि वायर हिसकून तोडली. मग एसटी स्टँडकडे निघाले. मी पोचेपर्यंत आई शेजाऱ्यांच्या ओट्यावर उन्हातच पडून होती. त्यानंतर ती उठून उभी राहिली नाही, आणि पुढचा पाऊस तिने पाहिला नाही.

वर्षभराने गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक बॉनेट उघडून बघत होतं. मी दारात उभी होते.

"गाडी एक नंबर आहे," सासरे त्याला सांगत होते. "बॅटरी आता महिना महिना उतरत नाय. फक्त देवाचा दिवा तेवढा बंद आहे, तो आमच्या सूनबाईनं तोडला."