एका ‘मना’ला एक

“हिच्या कालच्या तीन राहिल्यात,” खिडकीजवळची मुलगी पुढच्या मुलीकडे बोट दाखवत शेजारणीच्या कानात म्हणाली. गृहपाठातल्या बेरजा असतील, असं मला वाटलं.

मोखाड्याच्या एका आश्रमशाळेत मी चौथीच्या वर्गात प्रश्नावली भरून घेत होते. पाड्यांवरच्या मुलांविषयी शिक्षकांच्या मनात जो आकस असतो तो प्रशिक्षणाने कमी होतो का, हे आमच्या संस्थेला तपासायचं होतं. इथल्या सरांचं प्रशिक्षण जव्हारला सहा महिन्यांपूर्वी झालं होतं. त्यांनी आपल्या प्रश्नावलीत सगळीकडे ‘पूर्ण सहमत’वर खूण केली होती. माझं बोलणं ऐकून मात्र ते हसले होते. “मॅडम, ‘मदत केला’ नाही, ‘मदत केली’. इंग्लिश मीडियम का?” मी ‘केली’ म्हटलं होतं.

मुलांना मी विचारलं, सर मारतात का? मागच्या वेळी, प्रशिक्षणाआधी, सगळे हो म्हणाले होते. आज सगळे नाही म्हणाले. मी आनंदाने लिहून घेतलं.

मग सरांनी त्या ‘तीन राहिलेल्या’ मुलीला सातचा पाढा विचारला.

“मना नाय येत.”

“मला!” अख्खा वर्ग ओरडला.

“एका ‘मना’ला एक,” सर मला म्हणाले. “कालच्या तीन, आजची एक. आम्ही आता हात लावत नाही, मॅडम. मुलंच एकमेकांना सुधारतात.”

ती मुलगी भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. चार मुली उठल्या. पहिलीने गालाला नुसता हात लावला. “नीट मार, नाहीतर तुला पडतील,” सर म्हणाले. तिने पुन्हा मारली, जोरात. दुसरीच्या थपडेने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तिसरीने मारली तेव्हा नाकातून रक्त आलं, ओठावरून फ्रॉकवर सांडलं. चौथी तिची चुलत बहीण होती, वसतिगृहात तिच्याच अंथरुणात झोपणारी. तिने डोळे मिटले आणि कानशिलात मारली. मुलगी रडली नाही. जिभेने ओठ पुसून जागेवर बसली.

माझ्या हातातल्या कागदावर ‘मारत नाहीत’ असं चाळीस वेळा लिहिलेलं होतं. तो असाच गेला असता, तर उद्याही ती भिंतीपाशी उभी राहिली असती.

“यंदा आमची शाळा चांगली निघाली ना?” सरांनी विचारलं.

मी उठले. सरांकडे पाहायचं धाडस झालं नाही, म्हणून वर्गाकडे तोंड केलं आणि त्या चौघींना मोठ्याने म्हणाले, “आता मना मारा.”