अनघाचं ‘कशावरून?’

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी सिडनीतल्या पॅरामॅटा स्टेशनच्या जिन्यावर होते. नर्सने हळू आवाजात सांगितलं, अनघा गेली. माझ्या तोंडून चक्क मराठीत निघालं, “कशावरून?” पलीकडून ती म्हणाली, “सॉरी, डार्लिंग?” तो शब्द माझा नव्हताच. अनघा तो साऱ्या जगाला विचारायची.

ती कराडची, मी पुण्याची. जवळच्याच हॅरिस पार्क भागातल्या एका फ्लॅटमध्ये राहून आम्ही बिझनेस आणि आयटीची जोडडिग्री करत होतो. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा एजंट म्हणाला, गरम पाणी आहे. ही नळ सोडून त्याखाली हात धरून उभी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी गारच आलं, हा भाग वेगळा.

“या डिग्रीत संशय हा विषयच ठेवायला हवा,” ती म्हणायची. “बिझनेसवाले म्हणतात ‘होईल’, आयटीवाले म्हणतात ‘झालंय’. दोघांवरही विश्वास ठेवू नकोस.” आमच्या ग्रुपमधला हरदीप एकदा म्हणाला, “यार, ट्रस्ट कर, अपलोड हो गया.” अनघा म्हणाली, “ट्रस्ट है, फाइल दिखा.” फाइल उघडली तर अर्धा रिपोर्ट गायब. तेव्हापासून असाइनमेंट तीच पाठवायची, आणि पाठवलेली फाइल पुन्हा उतरवून पहिल्या ओळीपासून वाचायची.

मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. पाणी प्यायला उठली तरी ती लॅपटॉप लॉक करून जायची. घरात दुसरं कोण, तर मी एकटी! शेवटी एकदा मी भांडलेच. “माझ्यावरही संशय?” “तुझ्यावर नाही गं, सवय आहे,” ती म्हणाली, आणि लॉक करून चहा टाकायला गेली. ते मला लागलं. हिचा माझ्यावर विश्वास आहे की नाही, हा किडा तेव्हापासून डोक्यात वळवळत राहिला.

शेवटच्या सेमिस्टरला साधा ताप म्हणून दाखवायला गेली आणि ॲडमिटच झाली. रक्तात इन्फेक्शन होतं. डॉक्टर “शी विल बी राइट”, म्हणजे इथल्या भाषेत ‘होईल सगळं ठीक’, म्हणत होते, मीही मान डोलावत होते. फायनल प्रोजेक्ट पाठवायचा होता. अनघाने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि नर्ससमोर, मोठ्याने, पासवर्ड सांगितला. “तू पाठव. बाकी काही उघडू नकोस हं.” मी पाठवला. “फाइल उतरवून दाखवू?” मी विचारलं. “नको गं. तू म्हणतेस ना, पाठवलं...” आणि तिने डोळे मिटले.

इतकी वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं खरं. डॉक्टर काहीही म्हणोत, मला त्याच क्षणी संशय आला. अनघा तपासून बघत नाही म्हणजे काहीतरी फार चुकलंय. बाहेर येऊन मी खूप रडले. त्याच आठवड्यात ती गेली.

तिच्या भावाने लॅपटॉप मलाच ठेवून घ्यायला सांगितलं. तो तिच्या टेबलावर आहे. पासवर्ड मला पाठ आहे, आणि मी अजून काहीही उघडलेलं नाही. खरंच नाही. आता स्वयंपाकघरात जाताना मी माझाही लॅपटॉप लॉक करते, घरात कुणी नसताना. मग चहा उकळेपर्यंत उभी राहून वाट बघते, आतल्या खोलीतून कुणीतरी विचारावं, “उघडला नाहीस, कशावरून?”